विजयदुर्ग : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरे

गेल्या अंकात विजयदुर्गावरचे माझे दोन पानी टिपण छापून आले आणि महिन्याभरात पत्रांचा चांगलाच गठ्ठा जमला. संपादकांनी त्यातले सहा प्रश्न निवडून दिले. माझे माहेर वाघोटन खाडीच्या काठचे. वडील मचव्यावर तांडेल होते, आणि मी पुढे देवगड तालुक्यातल्या शाळेत इतिहास शिकवला. किल्ला मी पुस्तकात पाहण्याआधी खाडीतून पाहिला, त्यामुळे उत्तरांत खाडी पुन्हा पुन्हा येईल.

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे आम्हाला तिथे सांगितले. १८६८ साली लॉकियर साहेबाने तिथून ग्रहण पाहिले, त्याचे ओटेही दाखवले. हे खरे का? (एक वाचक, नाशिक)

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागायची आहे. बावीस वर्षे मी वर्गात हेच शिकवले. सहलीला मुलांना घेऊन गेले की "साहेबाचे ओटे" दाखवायचे आणि छाती फुगवून सांगायचे, इथे हेलियम सापडला. कुणी कधी विचारले नाही, मीही तपासले नाही. निवृत्तीनंतर तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या तेव्हा चूक दिसली.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले हे खरे. त्या ग्रहणासाठी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला, आणि लेफ्टनंट हर्शेल आपल्या जवळच्या जमखंडीला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ या मंडळींना दिसली. सोडियमच्याही दोन पिवळ्या रेघा तिथेच आसपास असतात, म्हणून ती वेगळी आहे हे लगेच कुणाच्या ध्यानात आले नाही. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेचा वर्णपट घेता येतो हे त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच दाखवले. जान्सेननी तीच गोष्ट गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी करून पाहिली होती. पिवळी रेघ सोडियमची नाही, पृथ्वीवर माहीत नसलेल्या कुठल्यातरी मूलद्रव्याची आहे, हे लॉकियर यांनी पुढे मांडले. हेलिओस म्हणजे सूर्य, त्यावरून नाव पडले हेलियम. प्रयोगशाळेत तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले. ते काम विल्यम रॅम्झे यांचे.

मग ओटे कुणाचे? लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण होते, सावलीचा पट्टा कोकणावरून जात होता, आणि लॉकियर यांनी वेधासाठी निवडले ते विजयदुर्ग. 'मेल्पोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना साथ दिली. नौकेवरच्या अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी दुर्बिणी उभ्या करायला, वेळ मोजायला, सूर्याच्या प्रभामंडलाची चित्रे काढायला हात लावला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी किती दिवस कवायत चालली असेल! त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ देऊन बसले होते. आपल्या माणसाने आपल्या मातीवरून घेतलेले हे वेध. त्यांचे नाव मी कधी एकाही मुलाला सांगितले नव्हते, याची खंत जास्त आहे.

अलीकडे विजयदुर्गाला १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. गावातल्या पोरांना आकाशाची गोडी लागते, त्यामुळे तो बंद व्हावा असे मी कधीच म्हणणार नाही. माझे मागणे एवढेच की तारीख २२ जानेवारी करा आणि फलकावर १८९८ लिहा. त्या दिवशी पाऊसही नसतो, आभाळ निरभ्र असते.

इंग्रज, डच सगळे हरले तो किल्ला १७५६ मध्ये दोन दिवसांत कसा पडला? फितुरी झाली का? (एक निवृत्त सैनिक, सातारा)

तुम्ही सैनिक आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. वाघोटन नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर जमिनीचे एक नाक पुढे आले आहे. त्या नाकावर किल्ला. पश्चिमेला उघडा दर्या, उत्तरेला खाडीचे तोंड. जमिनीकडच्या बाजूला पूर्वी खंदक होता. तो आता बुजला आहे. तटाची तिहेरी रांग आणि सत्तावीस बुरूज. दर्यावरून येणाऱ्याला दिसतो तो हा तट, आणि सगळी वर्णने तिथेच थांबतात. पण खाडीच्या आत वळलात की किल्ल्याच्या आडोशाला शांत पाणी लागते. पावसाळी वारा नैऋत्येचा, त्याची धार किल्ला आणि मागचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, अंगावर घेतो. आमचे वडील म्हणत, "भायरसून बघशीत तर वंय दिसतली, भितरसून बघशीत तर बंदर." वंय म्हणजे कुंपण. या दर्यादुर्गाचे सगळे शास्त्र मला त्या एका वाक्यात सापडते. तट होता आरमार राखण्यासाठी, आणि आरमार होते तट राखण्यासाठी.

कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, आणि विजयदुर्ग त्यांच्या घराण्याकडे होता. आंग्र्यांची गुराबे, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून समोर तोफा डागणारी. गलबते त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारी. दोन्हींना पाणी कमी लागे. वारा पडला की मोठे विलायती जहाज जागच्या जागी लोळत राही, आणि गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या तोफा थोड्या. पाठलाग झाला तर खाडीत आत शिरायचे. ही खाडी थेट खारेपाटणपर्यंत जाते, जिथे शिलाहारांच्या काळापासून व्यापारी पेठ होती. आत मोठ्या जहाजाचा तळ चिखलात रुतणार.

म्हणून १७१७ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचे आरमार आले आणि हात हलवत परत गेले. १७२० मध्ये इंग्रजांनी 'फ्राम' नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला, जाड लाकडी भिंतींचा. तोही निकामी ठरला. १७२४ मध्ये डच सात जहाजे घेऊन आले. तेही परतले. तोपर्यंत कान्होजी हयात होते.

१७२९ ला कान्होजी गेले. थोरले पुत्र सेखोजी चार वर्षांत गेले, आणि मग भावाभावांत दुही पडली. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला. संभाजीनंतर तुळाजी. तुळाजी पराक्रमी होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता, कोकणातल्या पेशव्यांच्या माणसांनाही त्याचा जाच होता. ही बाजू विसरून चालणार नाही. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि दोघांमधले शेवटचे वडीलधारे माणूस नाहीसे झाले. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीला आवरायला १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. बोलणी पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांनी केली. त्याच वर्षी एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला.

फेब्रुवारी १७५६. अ‍ॅडमिरल वॉटसन याच्या हाताखाली केंट, कंबरलँड, टायगर, साल्झबरी अशी राजाच्या आरमारातली मोठी जहाजे, सोबत कंपनीची जहाजे आणि उखळी तोफांच्या नावा. फौजेवर रॉबर्ट क्लाइव्ह. जमिनीकडून खंडोजी माणकर पेशव्यांची फौज घेऊन आलेला. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता, तिथेच अडकला. किल्ला त्याच्या मेहुण्याच्या हाती.

१२ फेब्रुवारीला दुपारी वॉटसनची जहाजे दोन रांगा करून खाडीच्या तोंडात शिरली. एक रांग तटाला तोंड देणार, दुसरी आरमाराला. आंग्र्यांची गुराबे तटाखाली एकमेकांना बांधून ठेवलेली होती. त्यांतच 'रेस्टोरेशन' हे इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेले जहाज होते. उखळीचा एक गोळा त्यावर पडला, ते पेटले, आणि दोरखंडांनी जखडलेल्या जहाजांवरून आग धावत गेली. किनाऱ्यावर बांधणीला असलेली जहाजेही गेली. संध्याकाळपर्यंत कान्होजींच्या वेळेपासून उभे केलेले आरमार राख झाले. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, किल्ल्याने हत्यार ठेवले.

ती जहाजे खाडीत आत का नेली नाहीत, एकत्र का बांधली, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. आमच्याकडे आगोट, म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आली की मचवे वर ओढून झापांनी शाकारत, आणि त्यातही दोन मचव्यांत माणूस जाईल एवढी जागा ठेवत, आग लागली तर एकच जळावा म्हणून. हे साध्या खारव्याला कळते. मला वाटते, धनी जाग्यावर नव्हता हेच खरे कारण. आरमार हलवायचे की झुंजवायचे हे ठरवणारा माणूस शत्रूच्या छावणीत होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फितुरीचा. आतल्या माणसाने दरवाजा उघडला असे घडले नाही. पण मराठ्यांचे आरमार जाळायला इंग्रजांना मराठ्यांनीच बोलावले, हे मी फितुरीपेक्षा कमी लेखत नाही. आणि बोलावणाऱ्याच्या हाती काय आले? मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज सरदारांनी लूट आपसांत वाटून घ्यायची असे ठरवले होते. क्लाइव्ह १२ च्या रात्रीच फौज उतरवून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधे जाऊन बसला, माणकरांच्या लोकांनी आधी आत शिरू नये म्हणून. दहा लाख रुपयांच्या आसपासची लूट इंग्रजांनी आपसांतच वाटली. किल्ला पेशव्यांना परत मिळायला ऑक्टोबरचा तह करावा लागला, आणि त्या बदल्यात बाणकोट कायमचा इंग्रजांकडे गेला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. वॉटसन आणि क्लाइव्ह हीच जोडी इथून मद्रासमार्गे बंगालला गेली. २३ जून १७५७ ला प्लासी झाली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की दोन दिवसांत पडला तो किल्ला नव्हे. बंदर जळाले, आणि मग तटाला राखायला काही उरले नाही. आजही तिथे उभे राहून पाहा, तट बव्हंशी शाबूत आहे.

आंग्रे समुद्री चाचे होते असे माझ्या नातवाच्या इंग्रजी पुस्तकात आहे. त्याला काय सांगू? (एक आजी, ठाणे)

आजी, नातवाला 'दस्तक' हा शब्द सांगा. दस्तक म्हणजे परवाना. पोर्तुगीज शंभर-दीडशे वर्षे आपल्या समुद्रात परवाने विकत होते. त्याला ते 'कार्ताझ' म्हणत, आणि ज्याच्याकडे तो नसेल त्याचे जहाज पकडत. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल, आरमाराचे प्रमुख. त्यांनी म्हटले, हा किनारा आमचा आहे, इथून जायचे तर आमचे दस्तक घ्या. इंग्रजांनी ते मानले नाही, मग त्यांची जहाजे पकडली गेली. एकाच कामाला पोर्तुगिजांच्या हाती कायदा म्हणायचे आणि कान्होजींच्या हाती चाचेगिरी, हे कसे? नातवाला एवढा प्रश्न बाईंना विचारू दे. त्याला चांगले गुण नाही मिळाले तरी चालतील.

विजयदुर्ग हे नाव कसे पडले? 'घेरिया' म्हणजे काय? (एक वाचक, बेळगाव)

१६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. शके १५७५, संवत्सराचे नाव 'विजय'. त्यावरून विजयदुर्ग. शेजारचे गाव गिर्ये, इंग्रजांच्या कागदांत 'घेरिया' येते ते त्याचेच रूप. पाण्याने घेरलेला म्हणून घेरिया अशीही उपपत्ती सांगतात, पण मला गावाचे नाव जास्त पटते. मूळ किल्ला बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात.

१७५६ नंतर किल्ल्याचे काय झाले? पुस्तके तिथेच संपतात. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

फार बरे विचारलेस, बाळ. पेशव्यांनी विजयदुर्गाला पुन्हा आरमार उभे केले आणि पुढे आनंदराव धुळप त्याचे सुभेदार झाले. कान्होजींच्या वेळचा दरारा परत आला नाही, पण ८ एप्रिल १७८३ ची एक लढाई लक्षात ठेव. रत्नागिरीच्या जवळपासच्या समुद्रात इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज धुळपांच्या आरमाराला दिसले. त्यावर इंग्रज फौजेतले बडे अधिकारी होते. हातघाईची लढाई झाली, दोन्हीकडची पुष्कळ माणसे पडली, आणि रेंजर विजयदुर्गाला आणले गेले. सालबाईचा तह तोवर होऊन गेला होता. तहाची खबर पोचली नव्हती असे मराठ्यांचे म्हणणे पडले. जखमी कर्नल हंबरस्टन विजयदुर्गालाच वारला. मी या लढाईचा अभिमान सांगताना नेहमी अडखळते, कारण तह झाल्यानंतर मेलेली ती माणसे दोन्ही बाजूंच्या घरी कुणाची तरी होती. शेवटी १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली तेव्हा, किल्ला इंग्रजांकडे गेला. धुळपांचा वाडा गावात आहे.

सुट्टीत मुलांना घेऊन जाणार आहोत. काय पाहावे? तिथे दोन तास पुरतील का? (एक कुटुंब, डोंबिवली)

दोन तासांत तुम्ही तट फिरून याल, पण किल्ला पाहून होणार नाही. एक रात्र मुक्कामाला राहा. मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळलात की साधारण पन्नास किलोमीटर. मी लहान असताना मुंबई-गोवा बोट विजयदुर्गाला लागायची, आणि चाकरमान्यांना किल्ला आधी दिसायचा, घर नंतर. आता सगळे मागच्या दाराने, रस्त्याने येतात.

आत शिरताना जिभीचा दरवाजा लागतो. तटाच्या दोन भिंतींमधून वाट अशी वळवली आहे की मुख्य दार बाहेरून दिसूच नये. तिथे मुलांना थांबवून विचारा, तोफ लावायची तर कुठे लावाल? मग आत सदर, खलबतखाना, दारूकोठार, गोड्या पाण्याचा तलाव. समुद्रात पुढे आलेल्या दगडावर गोड्या पाण्याची सोय करणे हे तट बांधण्याइतकेच मोठे काम होते. चिऱ्यावर मुलांना हात फिरवू द्या. जांभा खाणीतून ताजा काढला की कुऱ्हाडीने तासता येतो, वारा-ऊन लागले की घट्ट होत जातो. आमच्या घराच्या भिंतीही त्याच दगडाच्या.

तटाच्या कडेला मुलांना मोकळे सोडू नका, आणि भिंतीच्या सांध्यात उगवलेल्या झाडांना धरून चढू देऊ नका. मुळ्यांनी चिरे आधीच सैल केले आहेत आणि अलीकडच्या पावसाळ्यांत तटाचा काही भाग ढासळला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरीही आहेत. आनंद मलाही झाला. पण त्या मुळ्या काढायला माणसे लागतात, चुन्याचे काम जाणणारे गवंडी लागतात, आणि ते काम दर वर्षी पावसाआधी व्हावे लागते.

किल्ला झाला की बहुतेक गाड्या तिथूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. गिर्येच्या बाजूला रामेश्वराचे देऊळ आहे, सड्यातून खोल कोरलेल्या वाटेने उतरावे लागते. तिथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. आणि खाडीच्या आत, किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, खडक कोरून केलेली. गावात कुणालाही विचारा, दाखवतील. भरतीचे पाणी आले की जहाज आत घ्यायचे, सुकती लागली की ते कोरड्यावर टेकायचे, मग तळाला चिकटलेली कालवे खरवडायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, तेल द्यायचे. वडिलांचा मचवा आम्ही असाच बाजूच्या खाजणात टेकवत असू, आणि मी खालून ओल्या फळ्यांवर हात फिरवत असे.

जाण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्या आणि गोदीला सुकतीच्या वेळी पोचा. पाणी उतरल्यावरच कोरलेला खडक नीट दिसतो.